शब्दचर्चा : साक्ष देणे, साक्षी होणे, ग्वाही

भायखळ्याची

नमस्कार, आणि आपल्यातल्यांना सलाम. शब्द आहे 'साक्ष'. आमचं चर्च मराठी प्रॉटेस्टंट, बहुतेक घरं नगरकडून मिलच्या नाहीतर नर्सिंगच्या नोकरीसाठी आलेली. तिथे हा शब्द दर रविवारी कानावर पडतो आणि त्याला आता एकच अर्थ उरलाय, माईक हातात घ्यायचा आणि देवाने माझं काय भलं केलं ते सांगायचं. पाळकसाहेब विचारतात, आज कोणाला साक्ष द्यायचीय? मग कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचा रिपोर्ट नॉर्मल आलेला, कोणाला बदलापूरला वन बीएचकेचं लोन पास झालेलं. खोटं कोणी बोलत नाही, आनंद खराच असतो, मीही टाळ्या वाजवते. पण आमचा धाकटा मागे म्हणाला की मम्मी हे तर स्टेटस अपडेट आहे, ह्याला साक्ष का म्हणायचं? तर मूळ अर्थ काय, आणि चर्चच्या बाहेरच्या मराठीत हा शब्द कसकसा चालतो ते सांगा. 'ख्रिस्ती जगणं' ह्यावर प्रवचन नको प्लीज, ते ऐकते मी.

पार्ले पूर्व

ताई, संस्कृतात अक्षि म्हणजे डोळा. साक्षिन् म्हणजे ज्याने स्वतः पाहिलंय तो, पाणिनीचं सूत्रच आहे, साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्. 'साक्षात' हा शब्द त्याच घरातला. म्हणजे साक्षीची अट एकच, पाहिलेलं असणं. स्वतःचं भलं झालेलं असणं ही अट कुठेच नाही. उलट ज्याचा फायदा झालाय त्याच्या साक्षीकडे जरा संशयानेच बघतात लोक.

व्याकरणाची गंमत अशी की मराठीत साक्ष स्त्रीलिंगी, ती साक्ष, अनेकवचन त्या साक्षी. आणि तो साक्षी म्हणजे माणूस. दोन्ही दिसायला सारखे, त्यामुळे वाक्यात आधीचा शब्द बघून ठरवावं लागतं.

वाक्प्रचार म्हणाल तर साक्ष देणे, साक्ष काढणे, साक्ष फिरवणे, मनाची साक्ष. आणि एक छान आहे, साक्ष पटणे. देणं बोलणाऱ्याच्या हातात, पटणं ऐकणाऱ्याच्या.

कोर्टातला कारकून (रिटायर्ड)

मी धर्माने हिंदू, पण किल्ला कोर्ट आणि सेशन्स मिळून नोकरी संपली, तेव्हा साक्षीवर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

साक्षीचे टप्पे असतात. आधी सरतपासणी, म्हणजे आपलाच वकील विचारतो आणि साक्षीदार पाठ केल्यासारखं धडाधडा सांगतो. मग उलटतपासणी. मग गरज पडली तर फेरतपासणी. उलटतपासणीची संधीच समोरच्याला दिली नसेल तर ती साक्ष त्याच्याविरुद्ध धरत नाहीत. ऐकीव गोष्ट साधारणपणे चालत नाही, 'मला अमक्याने सांगितलं' म्हटलं की वकील उठून उभा राहिलाच. १८७२चा एव्हिडन्स ॲक्ट जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे नंबर बदलले, पण ह्या गोष्टी होत्या तशाच आहेत.

तुमच्या वर्णनावरून चर्चमध्ये फक्त सरतपासणी होते असं दिसतं. राग मानू नका.

बाकी पिंजऱ्यात देवाशपथ खरं सांगेन म्हणून धडधडीत खोटं बोलणारे सगळ्या देवांचे भक्त पाहिलेत, त्यात भेदभाव नाही.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे रविवारच्या मिस्साला असं कोणी उठून माईक घेत नाही. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, लोक चिठ्ठ्या देतात, मागण्याच्या आणि आभाराच्या. पण त्याला आम्ही आभारच म्हणतो, साक्ष म्हणत नाही.

साक्ष शब्द आमच्याकडे जास्त ऐकू येतो तो रक्तसाक्षी म्हणून. वसईचेच संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ला संतपद मिळालं. ग्रीक भाषेत मार्टीस म्हणजे साधा साक्षीदार, कोर्टातला असतो तसा. पुढे ख्रिस्ती लोक साक्ष मागे घ्यायला तयार होईनात आणि जीव गमवायला लागले, तेव्हा त्याच शब्दाला जीव देणारा असा अर्थ चिकटला. अरबीतला शहीद पण मुळात साक्षीदारच, आमच्या मदनपुऱ्याच्या मित्राने सांगितलं. मराठीतला हुतात्मा मात्र वेगळ्या वाटेने आला, हुत म्हणजे अर्पण केलेला, तिथे बघण्याचा काही संबंध नाही.

जाता जाता, तुम्ही लोक 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही दहा आज्ञांतली नववी म्हणता, आमच्या मोजणीत ती आठवी. आज्ञा तीच, मोजण्याची पद्धत वेगळी. लहानपणी भायखळ्याच्या मावसभावाबरोबर ह्यावरून मारामारी झालीय.

भायखळ्याची

कारकूनकाका राग कसला, अगदी बरोबर बोललात. आणि वसईकरांनी 'आभार' म्हटल्यावर डोक्यात लाइट लागली, आमच्याकडे त्याला चांगला जुना शब्द आहेच की, उपकारस्तुती. माईकवर होते ती उपकारस्तुती, आणि ती व्हायलाच पाहिजे. तिला साक्ष म्हणायला लागलो आणि साक्षीचं काम केल्यासारखं वाटून मोकळे झालो, घोळ तिथे झालाय असं मला वाटतं.

पार्लेकर काकांच्या व्याकरणावरून बायबल काढून बघितलं. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, आठवं वचन. तिथे 'माझे साक्षी व्हाल' असं आहे. माझ्या साक्षी नाही, माझे साक्षी, म्हणजे माणसं. आणि क्रियापद होणे आहे, देणे नाही. लहानपणी संडेस्कूलला पाठ केलेलं वचन पण ह्याच्यावर कधी नजर गेली नव्हती. योहानाच्या पत्रात सुद्धा जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं ते सांगतो असं येतं, म्हणजे काकांचा तो डोळा तिकडेही आहेच.

आता एक खरी घडलेली सांगते, नावं नाहीत. आमच्या नात्यातल्या एकांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. पागडीची खोली, त्यात दोन भाऊ, दोघांना वेगवेगळे फ्लॅट पाहिजेत म्हणून मधे लाकडी पार्टिशन घातलं आणि वेगळी चूल होती असं दाखवायला मागच्या तारखेचा कागद बनवला, जुना स्टॅम्पपेपर कुठून मिळवला देव जाणे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. आमच्या मिस्टरांना फोन, ये आणि सही कर, नुसती साक्षीदार म्हणून तर करायचीय, कोण विचारतंय. फोन करणारे गृहस्थ चर्चमध्ये नेहमी साक्ष देणाऱ्यांतले, आणि सुंदर बोलतात, ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलंय कितीदा. मिस्टर म्हणाले, मी ती वेगळी चूल पाहिलेली नाही. एवढंच. प्रवचन नाही, वचन नाही. तिकडून उत्तर आलं, फार शहाणा झालास. त्या नाताळला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही, आम्ही करंज्या पाठवल्या त्या ठेवून घेतल्या पण डबा परत आला तो रिकामा. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत हे तुम्हाला माहितीच आहे.

मिस्टरांनी आजपर्यंत चर्चमध्ये माईक हातात घेतलेला नाही, लाजतात. त्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला मी साक्ष म्हणेन, आणि तिची उलटतपासणी अजून चालूच आहे, लग्नकार्यात टोमणे येतात.

पार्ले पूर्व

ह्यावरून आठवलं, ग्वाही. मूळ फारसी गवाही, अर्थ साक्षच. जुन्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, साक्षीदाराला गोही म्हणतात. तुकोबांचं 'मन केले ग्वाही' तुम्ही ऐकलंच असेल, खऱ्याखोट्याचा निवाडा करायला मनाला साक्षीला बसवलं, बहुमताला विचारलं नाही. आणि आताचा पेपर उघडा, 'पाणीटंचाई भासू देणार नाही अशी ग्वाही मंत्र्यांनी दिली'. झालेल्या गोष्टीची साक्ष होती ती होणाऱ्या गोष्टीचं आश्वासन झाली. डोळ्याने बघायचं काही उरलंच नाही त्यात. ताई म्हणतात तसा साक्षीचाही प्रवास ग्वाहीच्या वाटेने चाललाय का, अशी शंका येते.

कुर्ला वेस्ट

सगळं वाचलं, पटलं पण, तरी एक बोलू का. ताईंच्या मिस्टरांची गोष्ट भारी आहे पण सगळ्यांची केस एवढी क्लिअर नसते. माझ्या जातीच्या दाखल्यावर हिंदू आहे. आजीने बाप्तिस्मा घेतला होता, आईने नाही, मी पण अजून घेतलेला नाही, पण रविवारी मी चर्चमध्ये असतो, गिटार वाजवतो, घरात रोज प्रार्थना होते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच असं लिहिलं, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजपर्यंत नाही. दाखला गेला तर माझी फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, गेली, बहिणीची ॲडमिशन गेली. आणि धर्म बदलला म्हणून वस्तीतल्या गटारात फरक पडतो का, नाही पडत, लग्न जमवताना पण ख्रिस्ती लोकच आधी विचारतात की मूळचे कुठले. मग मला स्टेजवरून कोणी सांगितलं की उघड साक्ष द्या, लपवू नका, तर मी खाली मान घालून ट्यूनिंग करत बसतो. खोटी साक्ष माझी की त्या नियमाची हे मला खरंच कळत नाही.

वसईकर

मित्रा, दाखल्यावर जे आहे ते खोटं आहे हे तुला स्वतःला माहितीये, तेव्हा ताईंच्या मिस्टरांनी नाकारलेली ती सही आणि हा दाखला ह्यात फरक काय? दुखावायचं म्हणून नाही, विचारतोय.

भायखळ्याची

वसईकर, फरक आहे, मोठा आहे. तिकडे जास्तीचा फ्लॅट ढापायला खोटा कागद करत होते. हा पोरगा जातीमुळे जे भोगतो ते खरंच भोगतो, त्यात खोटं काही नाही, कागदाला फक्त एक चौकट आहे आणि ह्याचं आयुष्य त्या चौकटीत मावत नाही. तरीसुद्धा त्याच्या मनाला खुपतंय हे मला बरं वाटलं, ज्यांना काही खुपत नाही त्यांचीच मला भीती वाटते. स्टेजवरून सांगणाऱ्यांनी आधी विचारावं की ह्याची फ्रीशिप गेली तर फी भरणार कोण, चर्चच्या फंडातून भरणार का? ते विचारत नाहीत. उघड साक्षीची किंमत नेहमी दुसऱ्याने द्यायची असते.

आणि बाळा, घाई करू नकोस. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला आपल्या मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९००ला. मधल्या वर्षांत त्या बाईने नवऱ्यावर विश्वास ठेवून आंधळेपणाने उडी मारली नाही. रडल्या, भांडल्या, लांब राहिल्या, मग जवळ राहून बघितलं, जातपात मनातून कशी सुटत गेली तेही त्यांनी लिहून ठेवलंय आणि त्यात स्वतःची थट्टाही केलीय. टिळक एवढे मोठे कवी, पण बायकोला कवितेने पटलं नसणार. कारकूनकाका, ह्याला काय म्हणाल?

कोर्टातला कारकून (रिटायर्ड)

घरच्या माणसाची उलटतपासणी. तिच्यापुढे कुठलाच साक्षीदार फार वेळ टिकत नाही, वर्षानुवर्षं टिकला म्हणजे काहीतरी पाहिलेलं असणार.

कुर्ल्याच्या मुलाला एक सांगतो, कायद्याचा सल्ला म्हणून नाही. पिंजऱ्यात 'मला माहीत नाही' किंवा 'मला आठवत नाही' म्हणणारा साक्षीदार वकिलांना आवडत नाही, पण चांगले जज्ज त्याच्याकडे नीट बघतात. सगळं ठणठणीत आठवणारा माणूसच बहुतेक वेळा पढवलेला निघतो.

कुर्ला वेस्ट

थँक्यू काका. ताई, गिटार चालू आहे, बाप्तिस्म्याचं आईशी बोलतोय. माईक नाही घेणार.

भायखळ्याची

नको घेऊ, ट्यूनिंग नीट कर, मागच्या वेळेस आमच्या तरुण संघात एकाची ई तार अख्खी उपासना बेसूर होती.

पाळकसाहेबांना मी म्हटलं की कार्यक्रमपत्रिकेवर 'साक्ष' खोडून 'उपकारस्तुती' छापूया. ते हसले, म्हणाले सेक्रेटरींना विचारतो. सेक्रेटरी म्हणाले शब्द लांब आहे, त्या ओळीत बसणार नाही. फाँट लहान करा म्हटलं तर म्हाताऱ्यांना दिसत नाही म्हणे. विषय पुढच्या मीटिंगला गेलाय, म्हणजे कुठे गेलाय ते तुम्ही समजून घ्या.

एक शेवटचं विचारते. मी बाई आहे, तर 'मी साक्षी आहे' म्हणायचं की साक्षीदार?

पार्ले पूर्व

साक्षीदार म्हणा, तो साक्षीदार, ती साक्षीदार, दोन्हीकडे चालतं. साक्षी संस्कृत आणि दार फारसी, पण संसार चांगला चाललाय त्यांचा. नुसतं 'मी साक्षी' म्हणालात तर लोक तुमचं नाव समजतील, आमच्या एका सोसायटीतच तीन आहेत.