मदत हवी आहे: रीपर (रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर) उघडले की ब्राउझरचा आवाज बंद होतो

पंचम_तार
विंडोज ११. यूएसबीवर चालणारा दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (गिटार, माइक जोडायचे बाहेरचे साउंड कार्ड), हेडफोन त्यालाच जोडलेला. रीपरमध्ये इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरासाठी कार्डाशी थेट बोलणारा) निवडलाय, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४१००, बफर (एका वेळी साठवायचे नमुने) १२८.

रीपर उघडे असताना यूट्यूब लावले की 'ऑडिओ रेंडरर एरर, संगणक रीस्टार्ट करा' असा संदेश येतो. रीपर बंद करून पान रिफ्रेश केले की आवाज येतो, रीस्टार्टची गरज पडत नाही. म्युझिक प्लेअर आधी चालू असेल तर उलटेच: प्लेअर वाजतो आणि रीपर 'डिव्हाइस उघडता येत नाही' म्हणते.

मला ब्राउझरमधला व्हिडिओ ऐकत गिटार रेकॉर्ड करायची आहे. दोन्ही आवाज एकाच हेडफोनमध्ये हवेत. त्यासाठी दुसरे साउंड कार्ड घ्यावे लागेल का?

मिक्सरमागचा
दुसरे कार्ड घेऊ नका, नवीन कटकटी सुरू होतील.

साधे प्रोग्राम आपला आवाज विंडोजच्या ऑडिओ इंजिनकडे देतात. ते सगळ्यांचे आवाज एका सॅम्पल रेटला आणते, एकत्र करते आणि कार्डाला एकच प्रवाह देते. या शेअर्ड मोडमध्ये कितीही प्रोग्राम एकत्र वाजतात. भांडण होते ते कुणीतरी हे इंजिन टाळून थेट कार्डाशी बोलायला गेले की. एएसआयओ तेच करतो, त्याचसाठी तर तो आहे. तरीही बऱ्याच इंटरफेसचे ड्रायव्हर एएसआयओ आणि विंडोज दोघांनाही एकाच वेळी सांभाळतात. अट एकच: दोघांचा सॅम्पल रेट सारखा हवा, कारण कार्डात घड्याळ एकच असते. तुमचे रीपर ते ४४१०० ला नेते आणि विंडोज बहुधा ४८००० धरून बसले आहे.

सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, खाली मोअर साउंड सेटिंग्ज. प्लेबॅक टॅबमध्ये इंटरफेसवर डबल क्लिक, मग अॅडव्हान्स्ड टॅब. तिथे डिफॉल्ट फॉरमॅटमध्ये ४४१०० निवडा. रेकॉर्डिंग टॅबमध्ये इंटरफेसच्या इनपुटलाही तेच करा, ते हमखास राहून जाते. हे करताना रीपर बंद ठेवा, नाहीतर बदल लागूच होत नाही किंवा 'दुसरा प्रोग्राम हे डिव्हाइस वापरत आहे' असे उत्तर मिळते.

शून्य_डेसिबल
सहमत. प्लेअरचा मामला मात्र वेगळा दिसतोय. त्याच्या आउटपुटमध्ये 'वासापी एक्स्क्लुझिव्ह' (विंडोजच्याच ऑडिओ पद्धतीतला, कार्डाचा एकट्याने ताबा घेणारा मोड) निवडले आहे का बघा. फाइलमधले सॅम्पल जसेच्या तसे कार्डापर्यंत जावेत म्हणून काही लोक ते मुद्दाम लावतात आणि मग बाकी सगळे मुके का झाले ते शोधत बसतात. त्याच अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'अॅप्लिकेशन्सना या डिव्हाइसचा एक्स्क्लुझिव्ह ताबा घेऊ द्या' अशा अर्थाची खूण आहे, ती काढली की कुठलाच प्रोग्राम वासापीतून एकट्याने ताबा घेऊ शकत नाही. एएसआयओवर याचा भरवसा ठेवू नका, तो या दाराने येतच नाही.

टीव्ही किंवा अॅम्प्लिफायरला डॉल्बी, डीटीएस पासथ्रू (सिनेमाचा आवाज न उलगडता) पाठवणाऱ्यांनी ही खूण काढू नये. तो दाबलेला डेटा असतो, त्यात दुसरा आवाज मिसळताच येत नाही. तिथे एक्स्क्लुझिव्ह ताबा लागतोच.

पंचम_तार
दोन्हीकडे ४४१०० केले, प्लेअर शेअर्डवर आणला. यूट्यूब आणि रीपर एकत्र वाजताहेत! पण ऑनलाइन कॉल सुरू झाला की प्लेअरचा आवाज एकदम खाली जातो. हेही त्यातलेच का?

मिक्सरमागचा
नाही, ते विंडोज मुद्दाम करते. प्लेबॅक टॅबच्याच खिडकीत कम्युनिकेशन्स टॅब आहे. कॉल ओळखला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे अशी मूळ निवड असते. 'डू नथिंग' करा.

काळा_टर्मिनल
लिनक्सवाल्यांसाठी: तिथे हाच आजार 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' या नावाने येतो. प्रोग्रामला थेट हार्डवेअरचे नाव दिले की तो कार्ड धरून बसतो. आउटपुटमध्ये 'डिफॉल्ट' किंवा 'पाइपवायर' (लिनक्सवर सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा प्रोग्राम) निवडा. फेडोरात आवृत्ती ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, पाइपवायरच मूळ सोय आहे. कार्ड ते एकटे धरते आणि अल्सा, पल्सऑडिओ, जॅक अशा तिन्ही पद्धतींच्या प्रोग्रामना वाटून देते. ताबा कुणाकडे आहे ते फ्यूजर कमांडने कळते.

नवा_गडी
माझा ड्रायव्हर एका वेळी एकच प्रोग्राम घेतो. रेट जुळवूनही फरक नाही. आता?

मिक्सरमागचा
रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, डिव्हाइस इथे जाऊन एएसआयओऐवजी वासापी शेअर्ड निवडा. उशीर वाढेल: ४८००० ला १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, तर शेअर्ड मोडमध्ये इंजिनचीच एक फेरी साधारण १० मिलिसेकंदांची, त्यावर बाकीचे बफर. गिटारचा सूर मागून ऐकू येईल. म्हणून इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर (गिटार संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये) चालू करा आणि रीपरमधल्या ट्रॅकचे रेकॉर्ड मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज रीपरमधून ऐकणे) बंद ठेवा, नाहीतर तीच गिटार दोनदा ऐकू येते. रेकॉर्ड झालेला तुकडा थोडा उशिरा पडलेला असेल. एकदा क्लिक ट्रॅक (टिक-टिक ताल) वाजवून तोच परत रेकॉर्ड करा, फरक मोजा आणि तेवढा आकडा रेकॉर्डिंगच्या ऑफसेटमध्ये भरा.

एकाच वेळी दोन्ही नको असतील तर एएसआयओच ठेवा आणि प्रेफरन्सेसमधला 'थांबलेले व निष्क्रिय असताना ऑडिओ डिव्हाइस बंद करा' हा पर्याय लावा. रीपर थांबवून ब्राउझरवर गेलात की कार्ड मोकळे होते.

शून्य_डेसिबल
पंचम_तार, व्हिडिओचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये हवा असेल तर इंटरफेसला लूपबॅक चॅनल (संगणकात वाजणारा आवाज परत इनपुट म्हणून देणारा) आहे का बघा. असल्यास तो वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग आधी बंद करा. चालू राहिले तर तोच आवाज फिरून फिरून वाढत जातो आणि हेडफोन कानावर असतो.