सीजीडी असलेल्या मुलाला मळ्यातल्या घरात कसं सांभाळायचं? मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी त्याला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी असल्याचं निदान झालं. तीन महिन्यांचा असताना बीसीजी टोचलेल्या बाजूच्या काखेत गाठ आली, ती फुटून कित्येक दिवस वाहत होती. मग दोनदा न्यूमोनिया, आणि या दिवाळीत यकृतात गळू. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी रक्ताची डीएचआर तपासणी करायला लावली, तेव्हा कळलं. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण गिळलेला जंतू मारायचं रसायन त्यांना बनवता येत नाही.

रोज सेप्ट्रान (जंतूंवरचं औषध) आणि इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं) चालू आहे. बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणासाठी मोठ्या मुलीचं एचएलए, म्हणजे तिची मज्जा त्याला जुळते का ते, तपासायला दिलंय.

डॉक्टर म्हणाले, शेणखत, कुजका पालापाचोळा, भुसा, बुरशी धरलेला कडबा यांच्या आसपासही नेऊ नका. त्यातली अ‍ॅस्परजिलस बुरशी श्वासावाटे आत गेली तर जिवावर बेततं. आमचं घर मळ्यात, दारापासून वीस पावलांवर गोठा, त्याला लागून उकिरडा. सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी उकिरडा बांधापलीकडे हलवायला घेतला. पण उकरताना जी धूळ उठली ती पाहून माझा जीव घाबरला, मी थांबवायला लावलं. आता तो तसाच अर्धवट आहे. आणि पोराचा सगळा जीव वासरात, सकाळी उठला की तिकडेच धाव.

तालुक्याला खोली घ्यावी, की गोठा लांब नेऊन भागेल? उकिरडा कधी, कसा काढावा? मळणीच्या दिवसांत तुम्ही मुलाला कुठे ठेवता? शेतकरी घरातल्या कुणी हे निभावलं असेल तर कृपया लिहा.

दुसरं जास्त घाईचं आहे. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, माझ्याकडून आलेला; तो आईकडून येतो आणि आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, म्हणून बहिणीकडेही तो असू शकतो. माझा भाऊ दोन वर्षांचा असताना 'छाती भरून' गेला, आई आता सारखं तेच आठवून रडते. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना आहे. बीसीजीत जिवंत जंतू असतात, म्हणून मुलगा झाला तर तपासणी होईपर्यंत ती देऊ नका असं डॉक्टरांनी लेखी दिलंय. पण सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की लगेच टोचतात. कुणी अशी लस थांबवून घेतली आहे का? चिठ्ठी आधी आशाताईंना दाखवायची की थेट बाळंतपणाच्या वॉर्डात?