'हलकी' संगणकप्रणाली म्हणावे का?

दक्षिणकसबेकर : आमच्या आकाशदर्शन गटातील मुलांसाठी मी एक पत्रक लिहीत आहे. देणगीत मिळालेल्या, जेमतेम १ जीबी रॅमच्या जुन्या संगणकांवर पपी लिनक्स ही संगणकप्रणाली कशी घालावी आणि त्यावर स्टेलॅरियम ही पडद्यावर आकाश दाखवणारी आज्ञावली कशी चालवावी, एवढाच त्याचा विषय आहे. 'लाइटवेट'साठी मी 'हलकी संगणकप्रणाली' असे लिहिले, तेव्हा खर्डा वाचून एका पालकांनी विचारले, "आमच्याच पोरांना हलक्यातले का?" कृपया पर्याय सुचवावा.

मागवाला : त्या पालकांचे काय चुकले? आमच्या चादरीच्या धंद्यात 'हलका माल' म्हटले की गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही. मराठीत उत्तम ते 'भारी' आणि मान असलेला माणूस 'वजनदार'. तेव्हा हलके असणे हाच गुण आहे, हे पटवण्यात आपले अर्धे पत्रक खर्ची पडेल. 'सुटसुटीत' म्हणा.

जुना मास्तर : 'हलक्या हाताने', 'मन हलके झाले' यांत कमीपणा कुठे आहे? संस्कृत 'लघुक', त्यातील वर्णांची अदलाबदल होऊन प्राकृत 'हलुअ' आणि त्यावरून 'हलका', असा हा सरळ वंश आहे. गंमत अशी की 'हळू' हाही 'लघु'च्याच घरचा, म्हणजे जुन्या यंत्रावर भरभर चालावी म्हणून घडवलेल्या प्रणालीच्या नावाचा सख्खा भाऊ 'हळू' निघाला! शुद्धच हवे असेल, तर 'लघुभार' आहे.

सात रस्ता : 'लघुभार' ऐकून मुले आधी शब्दकोश मागतील. माझी आजी कन्नड बोलणारी. रिकाम्या घागरीला ती 'हगुर' म्हणे, आणि कोणाविषयी तुच्छतेने बोलणे म्हणजेही 'हगुर' बोलणेच. तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. मला 'काटक' आवडतो : खाणे थोडे, काम भरपूर.

रात्रपाळी : 'काटक' पपीला शोभतो, कारण ती सुरू होताना जवळजवळ सगळी रॅममध्ये चढते आणि मग जुन्या, रखडणाऱ्या डिस्कची वाट पाहत बसत नाही. मात्र तेच विशेषण स्टेलॅरियमला लावू नका. सोलापुरातून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७.७ अंशांवर, म्हणजे साधारण आपल्या अक्षांशाइतका वर दिसतो, हे गणित कोणताही संगणक करील. पण सगळे आकाश पडद्यावर रंगवायला ओपनजीएल (चित्रे रेखाटण्याची एक प्रमाण पद्धत) पेलणारे ग्राफिक्स लागते आणि जुने यंत्र तिथेच धापा टाकते.

मागवाला : आणि पत्रकात 'मुक्त' लिहिले आहे, त्याचे काय? पालक त्याचा अर्थ 'फुकट' असाच घेणार.

जुना मास्तर : घेऊ देत, पण खुलासा करावाच. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक, हा 'मुक्त'चा अर्थ आहे. 'फुकट' केवळ किंमत सांगतो.

दक्षिणकसबेकर : पत्रक उद्या छपाईला जाणार असल्यामुळे तूर्त 'जुन्या संगणकावरही सहज चालणारी प्रणाली' असे लिहिले आहे.

जुना मास्तर : आपण शब्द मागितला होता, ही तर व्याख्या झाली.