मदत हवी आहे: उतारावर राइडिंग मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं मशीन) कसा चालवायचा?

मंडळी, जरा अनुभवी लोकांनी सांगा. आत्तापर्यंत मागून ढकलायचा मोवर वापरला, आता बसून चालवायचा घेतलाय आणि सपाट भागात मस्त चालतो, पण मागच्या बाजूला उतार आहे तिथे गेलो की पोटात गोळा येतो. मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर न्यायचाच नाही असं लिहिलंय, आणि त्याच्या आतला असेल तर सरळ वर-खाली चालवा, आडवा नको, कारण आडवा गेला की कलंडू शकतो. ढकलायच्या मोवरला मात्र बरोबर उलटं, तो आडवाच चालवायचा असतो, म्हणून हात जुन्या सवयीने आडवाच वळतो!! माझा उतार फोनच्या अ‍ॅपवर कुठे १२ तर कुठे १६ दाखवतो. मग १६ वाला पट्टा सरळ सोडून ढकलायच्या मोवरने कापू का? आणि वळायचं कुठे, वर सपाटीवर येऊन का?

दुसरं म्हणजे सीटवरून जरा उठलो की इंजिन बंद पडतं. एकजण म्हणाला सीटखालचा स्विच बायपास कर, कटकट संपेल. मी नाही करणार, माणूस खाली पडला तर पातं थांबावं म्हणूनच तो स्विच असतो ना. पण खड्ड्यात नुसता उडालो तरी बंद पडतो, हे नॉर्मल आहे की स्विच ढिला झालाय? कुणी चेक केलंय का, कसं करायचं?