तलवार मासा, शीडमासा, मार्लिन : कोणाला काय म्हणायचं?

गोदाकाठ :
सागरी माशांवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. समुद्र कसारा घाटाच्या पलीकडे, आणि मी इथे नाशकात बसून त्याची भाषा जुळवतोय, त्यामुळे मदत हवी. माझ्या आधी ज्यांनी मसुदा केला त्यांनी सेलफिश, मार्लिन आणि स्वोर्डफिश या तिघांनाही सरसकट 'तलवार मासा' करून टाकलंय. पडद्यावर मासा पाठीवरचं भलंमोठं निळं शीड उभारतोय आणि खाली अक्षरं 'तलवार मासा'!

शिवाय 'गेम फिश', 'स्पोर्ट फिशिंग' (हौसेखातर गळाने मासे धरणं), 'बिल' (या माशांचं लांब टोकदार तोंड), 'रील', 'कॅच अँड रिलीज' हे शब्द दर मिनिटाला येतात. मसुद्यात 'क्रीडामत्स्य' आहे. तो वाचून मला मासा कबड्डी खेळताना दिसला. ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंदच टिकते, तेव्हा शब्द आखूड आणि वाचताक्षणी कळणारे हवेत.

चिलापी फ्राय :
मार्लिन म्हणजे आपली मरळच ना? मासळी बाजारात जिवंत मिळते ती?

जीवशास्त्रवाली :
नाही हो! नावात म-र-ल आहे एवढंच साम्य. मरळ गोड्या पाण्यातली, गढूळ डबक्यातही तग धरते, कारण तिला वर येऊन हवेत श्वास घेता येतो. म्हणून तर ती बाजारात पाटीत वळवळत असते. मार्लिनचं अगदी उलट. तोंड किंचित उघडं ठेवून सतत पुढे पोहत राहिलं तरच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी वाहतं. थांबला की गुदमरला.

आता मूळ प्रश्न. लांब टोकदार तोंडाच्या या माशांची दोन कुळं आहेत. एका कुळात स्वोर्डफिश एकटाच. दुसऱ्यात मार्लिन, सेलफिश आणि भालामासे म्हणता येतील असे स्पिअरफिश. तलवार म्हणावं असं तोंड खरं तर एकट्या स्वोर्डफिशचं आहे : चपटं, रुंद, दोन्ही कडांना धार. मार्लिन आणि सेलफिशचं तोंड आडवं कापलं तर गोलसर दिसेल. ती तलवार नाही, दाभण आहे. 'मार्लिन' हे नावही खलाशी दोरखंडाचे पीळ उकलायला जो टोकदार खिळा वापरतात त्यावरून पडलंय. तेव्हा 'तलवार मासा' फक्त स्वोर्डफिशसाठी राखून ठेवा. त्याच्या शास्त्रीय नावात 'झिफियास' हा ग्रीक आणि 'ग्लॅडियस' हा लॅटिन शब्द आहे. पहिल्याच्या मुळाशी तलवार आहे आणि दुसऱ्याचा अर्थच तलवार.

सेलफिशचं शास्त्रीय नाव 'इस्टिओफोरस'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शीड वाहणारा. म्हणजे 'शीडमासा' हा काही मराठीत बळंच पाडलेला शब्द ठरणार नाही.

तलवार माशाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो फार वेगळा प्राणी आहे. मोठेपणी त्याला दात नसतात, खवले नसतात आणि पोटाकडचे परही नसतात. पिल्लाला दात आणि खवले दोन्ही असतात, वाढता वाढता जातात. दिवसा तो पाचशे मीटरच्याही खाली, गार अंधारात असतो आणि रात्री भक्ष्यामागे वर येतो. एवढ्या थंडीत मेंदू आणि डोळे बधिर होऊ नयेत म्हणून डोळ्याच्या एका स्नायूचं रूपांतर चक्क शेगडीत झालंय. तो स्नायू आकुंचन पावत नाही, नुसती उष्णता तयार करतो. डोळा गरम असल्याने समोरून सटकणाऱ्या माकुळाची, म्हणजे स्क्विडची, हालचाल त्याला नीट टिपता येते. माहितीपटात हा भाग असेल तर 'उष्ण रक्ताचा' असं मात्र लिहू नका. बाकीचं अंग गारच असतं.

शुद्धलेखनप्रेमी :
'शीडमासा' लिहिताना शी दीर्घ, पण 'शिडाचा मासा' लिहिताना शि ऱ्हस्व. पीठ-पिठाचे, तसंच. उपशीर्षकांत दोन्ही रूपं येणार, तेव्हा आधीच ठरवून घ्या.

रापणकर :
मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आता सिडकोत स्थायिक. गोदाकाठ, तुम्ही 'स्पोर्ट फिशिंग'ला शब्द शोधताय, तो किनाऱ्यावर केव्हाचा आहे : गरवणे. गळाला आमच्याकडे 'गरी' म्हणतात आणि गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. 'गरवूक गेलो' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा जाळं घेऊन गेलेला नाही. हाताने फेकायचं जाळं घेऊन गेला असता तर 'पागूक गेलो' म्हणाला असता. रापण आणि डोल हीही जाळीच, पण रापण ओढणं वेगळं, डोल लावणं आणखी वेगळं. मराठीत मासे धरण्याच्या प्रत्येक तऱ्हेला आपापलं क्रियापद आहे आणि आपण सगळ्यांवर 'मासेमारी'ची एकच चादर पांघरतो. आमिष लावायच्या नायलॉनच्या दोराला 'तंगूस' म्हणतात, तोही घ्या.

गोदाकाठ :
रापणकर, 'गरवणे' झकास आहे. पण मालेगाव-सिन्नरच्या प्रेक्षकाला कळेल का? गंगापूर धरणावर बसणारी मंडळी 'गळ टाकून बसलोय' म्हणतात. गरी इथे कोणी म्हणत नाही.

रापणकर :
पहिल्यांदा 'गळाने गरवणे' लिहा. पुढे नुसतं 'गरवणे' पुरेल. प्रेक्षक समोर बघत असतो, त्याला डोळे आहेत.

'गेम फिश'चं काय करताय? 'शिकारी मासा' लिहू नका. शिकारी म्हणजे जो शिकार करतो तो. इथे त्याची शिकार करतात, म्हणजे 'शिकारीचा मासा'. पंचाईत अशी की शीडमासा दोन्ही आहे.

जीवशास्त्रवाली :
अगदी! आणि शिकारी म्हणून तर तो अफलातून आहे. तारलीसारख्या लहान माशांचा थवा टोळीने घेरतात. सगळे एकदम तुटून पडत नाहीत, आळीपाळीने एकेक आत शिरतो. दाभण खुपसत नाही. आधी हळूच थव्यात सरकवतो आणि मग सपकन आडवी फिरवतो. त्याने कोणाचे खवले निघतात, कोणी जखमी होतो. पहिल्या फटक्यात घास क्वचितच मिळतो, पण थवा दमत जातो. 'भोसकतो' असं क्रियापद मसुद्यात असेल तर काढून टाका. 'फटकारतो' योग्य.

शीड त्या वेळी उभारलेलं असतं. वेगात पोहताना मात्र ते पाठीवरच्या खाचेत मिटून जातं. त्यामुळे 'शीड उभारून वाऱ्याच्या वेगाने' वगैरे काव्य नको.

आणि वेगाचा आकडा! ताशी ११० किलोमीटर लिहिलं असेल ना? तो आकडा फ्लोरिडातल्या एका जुन्या मासेमारी तळावरून आलाय. गळाला लागलेल्या माशाने ३ सेकंदांत १०० यार्ड दोर ओढून नेला, त्यावरून केलेला हिशेब. माशाच्या स्नायूंच्या आकुंचनाचा काळ मोजून अलीकडे जे अंदाज निघाले ते ताशी ३० ते ३६ किलोमीटरच्या घरातले आहेत. निवेदक ११० म्हणत असेल तर तुम्हाला तेच लिहावं लागेल, पण निर्मात्यांना कळवा तरी.

गोदाकाठ :
निवेदक ११०च म्हणतोय. कळवतो.

येवलेकर :
दोर सोडायचा-ओढायचा विषय निघालाय म्हणून आलो. 'रील'ला आसारी म्हणा की! संक्रांतीला आमच्या येवल्यात सगळं गाव गच्चीवर असतं, हातात आसारी. पतंगाला ढील द्यायची, मग खेचायचं, पुन्हा ढील. मोठा मासा गळाला लागल्यावर हेच करतात ना? सगळे शब्द तयार आहेत.

गोदाकाठ :
येवलेकर, 'ढील देणे' शंभर टक्के घेतला. आसारीचा मोह होतोय, पण सोलापूरच्या माणसाला चकरी किंवा फिरकी आठवेल, आसारी नाही. 'रीळ' सगळ्यांना कळतं, शिंप्याकडेही असतं. तेच ठेवतो. आणि तुमच्यामुळे आठवलं, 'मासा खेळवणे' हे तर मराठीत आहेच. 'झुंज' ऐवजी अर्ध्या ठिकाणी तेच बसेल. झुंज दोन्ही बाजूंनी असते. इथे खुर्चीला पट्ट्याने बांधून घेतलेल्या माणसामागे इंजिनाची बोट आहे.

रापणकर :
हे चांगलं बोललात.

चिलापी फ्राय :
किती मोठे असतात हे? किलोत सांगा.

जीवशास्त्रवाली :
गळाने धरलेल्या माशांचे विक्रम इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ठेवते. ही संस्था १९३९ साली स्थापन झाली. काळा मार्लिन ७०७ किलो, पेरूतल्या काबो ब्लांकोजवळ, १९५३. तलवार मासा ५३६ किलो, चिलीतल्या इक्विकेजवळ, तोही १९५३. दोन्ही विक्रम अजून टिकून आहेत. दोन्ही ठिकाणं हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहाच्या किनाऱ्यावरची. तिथे खालचं गार, पोषक पाणी वर येतं, त्यामुळे लहान मासळी अमाप आणि तिच्यावर जगणारी मोठीही. शीडमासा त्या मानाने शिडशिडीत. त्याचा प्रशांत महासागरातला विक्रम १०० किलोचा, गॅलापागोसजवळचा, १९४७ सालचा.

एक व्याकरणाची गंमत. मार्लिनमध्ये अजस्र वाढतात त्या माद्या. नर बरेच लहान राहतात. निवेदनात विक्रमी मासा आला की आपण आपोआप 'तो' लिहितो, पण ती बहुतेक वेळा 'ती' असते. मराठीत 'मासा' पुल्लिंगी आणि 'मासळी' स्त्रीलिंगी असली तरी या दोन शब्दांनी नर-मादी कळत नाही. जिथे नक्की माहीत असेल तिथे 'मादी' शब्द घाला.

आणि काळ्या मार्लिनच्या नावात 'इंडिका' आहे. आपल्या हिंद महासागरातलाच रहिवासी तो. शीडमासाही अरबी समुद्रात आहे.

शुद्धलेखनप्रेमी :
'कॅच अँड रिलीज'ला 'पकड-सोड' कसा वाटतो?

रापणकर :
पोलिसांनी केल्यासारखा. 'धरून सोडणे' म्हणा. साधं आहे.

जीवशास्त्रवाली :
'धरून सोडणे'ला माझंही मत. त्यातही एक बारकावा आहे. दमलेला मासा नुसता पाण्यात टाकला तर तळाला जाऊ शकतो. म्हणून त्याचं तोंड पुढे करून त्याला बोटीच्या कडेला धरतात आणि बोट हळू चालवतात. कल्ल्यांवरून पाणी जाऊन तो सावध झाला की हात सोडतात. वर मार्लिनच्या श्वासाचं लिहिलं ते इथे लागू होतं. गळही वेगळा वापरतात, टोक आत वळलेला गोल गळ. तो पोटात न अडकता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. अमेरिकेत अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिष लावायचं तर २००८ पासून असाच गळ सक्तीचा आहे.

गोदाकाठ :
मग आतापर्यंत ठरलं ते असं : स्वोर्डफिश तलवार मासा, सेलफिश शीडमासा, मार्लिन मार्लिनच. 'गेम फिश' शक्य तिथे 'शिकारीचा मासा', नाहीतर माशाचं नावच लिहायचं. तीन ओळी करून पाहिल्या :

'गळाला शीडमासा लागलाय. ढील द्या!'
'दोन तास खेळवल्यावर मादी बोटीजवळ आली.'
'खूण लावून तिला सोडून दिलं.'

'बिल' तेवढं राहिलं. चोच, सोंड की नुसतं टोक?

रापणकर :
सोंड लवते, हे लवत नाही. चोच लिहा.

जीवशास्त्रवाली :
चोच म्हटलं की खालचा-वरचा जबडा सारखा वाटतो. इथे वरचाच लांबलेला आहे. पण उपशीर्षकात एवढं कोण बघतंय, चालेल. फक्त करवत माशाचं दृश्य आलं तर तिथे चोच लिहू नका. त्याचं दातेरी तोंड म्हणजे खरीच करवत. तो पाकटाच्या नात्यातला आहे, या मंडळींपैकी नाही, आणि आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे.

चिलापी फ्राय :
खायला कसा लागतो ते कोणीच सांगितलं नाही.

जीवशास्त्रवाली :
तलवार माशात पारा बराच साठतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तो टाळावा असं सांगतात. तुम्ही आपली चिलापीच फ्राय करा.