गोदावरीच्या पादचारी पुलांना फायबर डेक: वजन किती उतरवायचं?

गोदाकाठ:
सिंहस्थात रामकुंडाजवळच्या पुलांवर मुंगी शिरायला जागा नसते. तिथे नवे पादचारी पूल बांधताना, जुन्या गर्डरवरचा स्लॅब बदलताना ग्लास फायबर आणि रेझिनचा डेक (लोक चालतात तो पुलाचा वरचा भाग) वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०० मिमी काँक्रीट स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो. तेवढ्याच जाडीचा पोकळ फायबर डेक साधारण १०० किलोत बसतो. सळई नाही, त्यामुळे गंज नाही. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरफेल्डीचा फायबरचा पादचारी पूल १९९२ सालचा आहे, मधला गाळा ६३ मीटर. डिझाइनचं उद्दिष्ट एकच असावं: कमीत कमी वजन.

सातपूरकर:
या शेवटच्या वाक्याला ठाम विरोध. फायबर डेक तुटत नाही हो, वाकतो. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, २०० गिगापास्कल; पल्ट्रूजनच्या, म्हणजे साच्यातून ओढून बनवलेल्या ग्लास फायबरचा २०-३०. ताकद भरपूर शिल्लक असतानाच डिफ्लेक्शनची, म्हणजे वाकण्याची मर्यादा ओलांडली जाते. मग भिंती पातळ करून काय साधणार? खोली वाढवा. वरच्या-खालच्या पट्ट्यांची जाडी तीच ठेवून त्यांच्यातलं अंतर दुप्पट केलं, तर ताठपणा जवळजवळ चौपट होतो. पट्ट्यांत धागे गाळ्याच्या दिशेने, पट्ट्यांना जोडणाऱ्या उभ्या पडद्यांत ४५ अंशांत. रेझिन आणि धागा खर्च करायचा तो इथे.

गोदाकाठ:
खोली वाढवा, माझी हरकत नाही. पण पायाचा हिशोब बघा. यात्रेच्या गावातल्या पुलांच्या फूटपाथला आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली) चौरस मीटरला ४०० ऐवजी ५०० किलो गर्दीचा भार धरायला सांगते. काँक्रीटचा डेक धरून एकूण १०००, फायबरचा धरून ६००. जुन्या दगडी खांबांना हा फरक जीवनदान आहे.

पंचवटीकर:
दोघंही कोरड्या नदीत पूल बांधताय. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर आलं ते बघतो. रामकुंडाजवळचा सखल पूल तेव्हा बुडणारच. २०० मिमीचा डेक बुडाला की चौरस मीटरला २०० किलो पाणी बाजूला सारतो आणि त्याचं स्वतःचं वजन १००. टोकं बंद असतील तर उरलेले १०० किलो त्याला वर ढकलतात. काँक्रीट स्वतःच्या वजनावर बसून राहतं, हा बसणार नाही. वर पाणवेलीचा रेटा आडवा, तो वेगळाच. बेअरिंगपाशी, म्हणजे पूल खांबावर टेकतो तिथे, वर उचलण्याविरुद्धची पकड आधी ठरवा, वजन मग उतरवा.

गोदाकाठ:
पोकळ्यांना भोकं ठेवली की पाणी आत शिरेल, उचल संपेल.

पंचवटीकर:
पाणी शिरेल आणि गाळही शिरेल. पूर ओसरल्यावर डेकच्या पोटातला तो चिखल कोण काढणार? साफ करता येतील एवढी मोठी भोकं पडद्यांत पाडलीत, तर सातपूरकरांचे ४५ अंशांतले धागे तिथेच कापले जातील.

सातपूरकर:
म्हणून भोकं टोकाच्या झाकणांना द्या, झाकणं उघडणारी ठेवा आणि पकड मात्र भोकं बुजली असं धरूनच मोजा. अजून एक. हलका पूल पावलांनी हलतो. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली उघडला आणि डोलतो म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला. तो फायबरचा नव्हता, पण पर्वणीच्या गर्दीत असा डोलला तर चेंगराचेंगरी होईल. कंपनाच्या वारंवारितेची किमान मर्यादा घालूनच संगणकाला वजन कमी करायला सांगा.

गोदाकाठ:
मर्यादा घाला, पुराची घाला, कंपनाची घाला. पण उद्दिष्ट वजनच राहू द्या. जुने खांब मी दुसऱ्या कशाने वाचवू?

पंचवटीकर:
घाटाच्या पातळीवरच्या पुलाला हे उद्दिष्ट मला मान्य नाही. तिथे काँक्रीटच घाला. पुराच्या रेषेच्या वर राहणारे पूल असतील, तर फायबरला माझी हरकत नाही.