मदत हवी आहे: डिस्कसच्या टाकीत तळाचे कॅटफिश ठेवावेत का?

नमस्कार.

फोंड्याला आमच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी आहे. वरची मोकळी जागा आणि आतले लाकूड वगळता तीत ३०० लिटरच्या आसपास पाणी राहते. सध्या तीत सहा डिस्कस (गोल, चपटे शोभेचे मासे) आहेत, प्रत्येक साधारण पाच इंचांचा. तळ मुद्दाम वाळू न घालता उघडा ठेवला असून हीटर २९ अंशांवर लावलेला आहे. पाणी अर्धे नळाचे आणि अर्धे घरच्या विहिरीचे वापरतो. विहीर जांभ्यात खोदलेली असल्यामुळे तिचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी आहे. टाकीतला पीएच ६.४ च्या आगेमागे राहतो. नळाचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते आणि पावसाळ्यात त्याला क्लोरीनचा वास अधिक जाणवतो, म्हणून ते पिंपात भरून, त्यात रात्रभर हवा सोडून मगच टाकीत घालतो.

अडचण उरलेल्या खाद्याची आहे. बारीक सुंगटे (कोळंबी) सोलून, वाटून आणि गोठवून ठेवलेले खाद्य मी देतो. डिस्कस सावकाश खाणारे असल्यामुळे त्यातला बराच भाग तळाशी जाऊन बसतो आणि नळीने ओढून काढावा लागतो. कामाच्या दिवशी तो दुपारभर तसाच राहतो, आणि एवढ्या उबदार पाण्यात सुंगटांचा चोथा किती लवकर कुजतो हे वेगळे सांगायला नको. ‘टाकी साफ ठेवणारा मासा’ म्हणून एका दुकानदाराने मला बोटभर लांबीचा सकर (तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश) दिला. आरंभी तो काच चाटत राहिला, परंतु अलीकडे सकाळी दिवा लावल्यावर दोन डिस्कसच्या कुशीवर गोल, फिकट चट्टे दिसू लागले; त्या जागचा चिकट थर कोणीतरी खरवडून नेल्यासारखा वाटतो. सकर वेगळ्या टाकीत हलवल्यापासून नवे चट्टे आलेले नाहीत, त्यामुळे संशय त्याच्यावरच आहे.

आता सकरऐवजी कोरीडोरास (थोडक्यात कोरी) जातीचे लहान कॅटफिश ठेवावेत असा विचार आहे. पणजीच्या एका दुकानात पेपर्ड, ब्रॉन्झ, अल्बिनो आणि स्टरबाय असे चार प्रकार आहेत आणि दुकानदाराच्या म्हणण्यानुसार चारही चालतील. मला ते पटत नाही, कारण २९ अंश हे डिस्कससाठी योग्य असले तरी प्रत्येक कोरीला ते मानवेलच असे नाही. यांपैकी कोणते घ्यावेत, उघड्या तळावर ते राहतील का, आणि त्यांनीही रात्री डिस्कसला त्रास दिला तर काय करावे, याबद्दल ज्यांनी हे दोन्ही मासे एकत्र ठेवले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही चार दिवस मूळ घरी जातो. त्या काळात टाकीकडे पाहायला कोणी नसते, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद, म्हापशाहून

नमस्कार. तुमचा संशय रास्त आहे. डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर, म्हणजे श्लेष्म, पौष्टिक असतो. त्यांची पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे आईबापांच्या अंगावरचा हाच थर खाऊन वाढतात. रात्री डिस्कस एका जागी निश्चल उभे राहतात, त्यांची कूस रुंद आणि सपाट असते, आणि सकरचे तोंड पृष्ठभागाला चिकटून खरवडण्यासाठीच घडलेले असते. लहानपणी तो शेवाळावर भागवतो, पण वाढत गेला की त्याला तेवढे पुरत नाही. शिवाय सामान्य सकर एक फुटाच्या पुढे जातो, म्हणजे चार फुटी टाकी त्याच्यासाठी कायमचे घर होऊच शकत नाही. दुकानांत ‘चायनीज अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा मासा कॅटफिश नसला तरी त्याची खोड हीच आहे, तेव्हा तोही घेऊ नये.

कोरीडोरासचे तोंड खाली वळलेले असते आणि ते वाळू चाळून खातात, त्यामुळे चिकटून खरवडण्याचा प्रश्न येत नाही. मात्र चारही प्रकार चालतील हे म्हणणे चुकीचे आहे. पेपर्ड कोरी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा खोऱ्यातला, थंड पाण्याचा मासा. २९ अंशांत तो काही काळ जगेलही, पण सतत ताणाखाली राहील. ब्रॉन्झ आणि अल्बिनो हे एकाच जातीचे दोन रंग आहेत आणि २२ ते २६ अंशांत सुखी असतात. तुमच्यासाठी उरतो तो स्टरबाय. ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातला हा मासा २८ अंशांत आरामात राहतो आणि डिस्कस पाळणारे वर्षानुवर्षे त्यालाच पसंती देत आले आहेत. हीटर २८ अंशांवर आणावा. तुमच्या आकाराच्या डिस्कसना त्याने काही होणार नाही. कळपाने राहणारा मासा असल्यामुळे किमान सहा घ्यावेत.

उघड्या काचेवर ते राहतात, पण त्यांची मूळ सवय मारली जाते. बारीक, गोल कणांच्या वाळूचा दोन सेंटिमीटरचा पातळ थर द्यावा. धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. एक गोष्ट गोव्यात आवर्जून सांगावी लागते: मिरामार किंवा कोलव्याची वाळू आणू नये. तीत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाण्याचा कठीणपणा आणि पीएच दोन्ही वाढवतो. कोणत्याही वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर ती बाजूला ठेवावी.

उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. कोरी पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि ती आतड्यातून शोषतात, हे स्वाभाविक आहे. परंतु सगळा कळप सारखा वर धावू लागला तर हवेचा पंप वाढवावा. जूनमध्ये आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते ठाऊक आहेच, बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असलेला बरा.

प्रतिसाद, मडगावहून

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण मूळ गृहीतकाशी नाही. कोरी सफाई करत नाहीत. ते खातात आणि खाल्लेल्याची घाण त्याच पाण्यात सोडतात. आपल्याला नळी लावावीच लागेल, आणि वाळू घातल्यावर ते काम अधिक किचकट होईल. चोथा कमी करायचा असेल तर खाद्य दोनदा देण्याऐवजी चार वेळा थोडे थोडे द्यावे आणि कामाच्या दिवशी सकाळी गोळ्या देऊन सुंगटे संध्याकाळसाठी ठेवावीत. हे कॅटफिश आवडतात म्हणून अवश्य ठेवावेत, पण मग त्यांच्यासाठी दिवा मालवल्यावर बुडणारे खाद्य वेगळे द्यावे, नाहीतर ते उपाशी राहतात.

दुसरे, नवे कोरी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत सोडू नयेत. डिस्कस आजारी पडले की अनेकजण तापमान ३२ अंशांच्या वर नेतात. कोरी सोबत असतील तर तो उपाय टाकीत करता येणार नाही. म्हणून ती वेगळी टाकी पुढेही तयार ठेवावी आणि उपचार तिथेच करावेत.

विहिरीच्या पाण्याबद्दलही एक सूचना. जांभ्यातल्या पाण्यात क्षारांचा आधार फार कमी असतो, त्यामुळे पीएच नकळत सहाच्या खाली घसरू शकतो आणि फिल्टरमधले जिवाणू मंदावतात. अशा आम्ल पाण्यात साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. त्यावर एकदम जास्त पीएचचे नळाचे पाणी ओतले की तो विषारी होतो. तेव्हा पाणी बदलण्यापूर्वी पीएच आणि अमोनिया दोन्ही तपासावेत.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सहा स्टरबाय घेऊन आधी वेगळ्या टाकीत ठेवीन आणि वाळू नदीची, व्हिनेगरने तपासून वापरीन. दोन शंका उरल्या आहेत. चवथीच्या चार दिवसांत स्वयंचलित खाद्ययंत्र लावावे का? आणि त्या सकरचे काय करावे? शेजाऱ्यांनी त्याला खांडेपारच्या नदीत सोडण्याचा सल्ला दिला आहे.

प्रतिसाद, म्हापशाहून

यंत्र लावू नये. वाढलेले डिस्कस आणि कोरी चार दिवस उपाशी सहज राहतात. दमट हवेत यंत्रातले खाद्य गोळा होऊन एकदम पडले तर नुकसान अधिक होईल. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे आणि फिल्टर नीट चालतो का ते पाहावे. कोरी हलवताना जाळी टाळून पाण्याचा मग वापरावा, कारण त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात.

सकर नदीत मुळीच सोडू नये. केरळ आणि तामिळनाडूतल्या पाण्यांत तो असाच सोडल्यामुळे पसरला आहे आणि तिथले मच्छीमार जाळी फाटण्याने हैराण आहेत. दुकानदार परत घेत असेल तर द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कोणाकडे सोपवावा. तोपर्यंत त्याला वेगळ्या टाकीत काकडीची चकती आणि लाकडाचा तुकडा दिला तरी चालेल.